रंगमंचावरून पडद्यावर (लेखांक ९) : संघ जुना, गडी एकच नवा

मागच्या लेखांकात ‘द पजामा गेम’च्या निमित्ताने हॉलिवूडचा एक हिशेबी व्यवहार आपण पाहिला. ब्रॉडवेवर चाललेलं संगीत नाटक घ्यायचं, त्यातली बहुतेक नटमंडळी तशीच उचलायची आणि गल्ल्याची खात्री म्हणून एका मुख्य भूमिकेत सिनेमाचा तारा आणायचा. तिथे तो मान डोरिस डेला मिळाला. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, वॉर्नर ब्रदर्सने हाच व्यवहार पुन्हा केला. दिग्दर्शकांची जोडी तीच, जॉर्ज अ‍ॅबट आणि स्टॅनली डोनन. गीत-संगीत रिचर्ड अ‍ॅडलर आणि जेरी रॉस यांचं, नृत्यरचना बॉब फॉसीची. विषय मात्र बेसबॉल. चित्रपट ‘डॅम यांकीज’.

नावातली चीड समजून घ्यायची तर त्या काळचा बेसबॉल थोडा माहीत हवा. अमेरिकन लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोसमात १५४ सामने. लीगमध्ये पहिला येणारा संघ ‘पेनंट’ जिंकायचा आणि वर्ल्ड सिरीजसाठी पात्र ठरायचा. न्यूयॉर्क यांकीजने १९४९ ते १९५३ अशी सलग पाच वर्षं पेनंटही जिंकलं आणि वर्ल्ड सिरीजही. दुसऱ्या टोकाला राजधानीचा संघ, वॉशिंग्टन सेनेटर्स. त्यांचं शेवटचं पेनंट १९३३ मधलं. तळाला राहणं इतकं अंगवळणी पडलेलं, की या संघावरचे विनोदही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. अशा वेळी डग्लस वॉलप या लेखकाने १९५४ मध्ये एक कादंबरी लिहिली : ‘द इयर द यांकीज लॉस्ट द पेनंट’. गंमत अशी, की त्याच वर्षी यांकीजचं पेनंट खरोखरच हुकलं. अर्थात ते नेलं १११ सामने जिंकणाऱ्या क्लीव्हलंडने. सेनेटर्स होते तिथेच होते.

कादंबरीचा गाभा फाउस्टच्या जुन्या कथेचा. जो बॉइड हा घरं-जमिनींचे व्यवहार करणारा, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ. मोसमाचे सहा महिने तो टीव्हीसमोरून हलत नाही आणि त्याची बायको मेग ते निमूट सोसते. एका पराभवानंतर तो वैतागून पुटपुटतो, की एक दणदणीत फटके मारणारा गडी मिळाला तर आत्मासुद्धा विकेन. लगेच अ‍ॅपलगेट नावाचे एक सद्‌गृहस्थ दारात हजर. चुटकीसरशी हवेतून पेटती सिगारेट काढणारा हा सैतान जोला बावीस वर्षांचा जो हार्डी करून देतो. पण जोही मुरलेला दलाल. कागदावर सही करण्याआधी तो सुटकेचं कलम मागून घेतो : २४ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत वाटलं तर परत फिरायची मुभा. सैतानाशी करार करतानाही ज्याला आधी अटी-शर्ती आठवतात, असा नायक फक्त व्यापारी अमेरिकेतच जन्माला येऊ शकतो.

५ मे १९५५ ला न्यूयॉर्कच्या फॉर्टीसिक्स्थ स्ट्रीट थिएटरात या कादंबरीवरचं ‘डॅम यांकीज’ हे नाटक सुरू झालं आणि १,०१९ प्रयोग झाले. पण बेसबॉलच्या नाटकात बेसबॉल जवळपास दिसतच नव्हता. रंगमंचावर चेंडू टोलवणार कुठे? त्यामुळे सामने विंगेत, आणि प्रेक्षकांसमोर दिवाणखाना, कचेरी, खेळाडूंची कपडे बदलायची खोली. नाटकाची सगळी ताकद या आडोशाच्या जागांमध्ये होती. सुरुवातीच्या जाहिरातीत ग्वेन व्हर्डन बेसबॉलच्या पोशाखात होती, तेव्हा तिकिटं म्हणावी तशी उठेनात. तीच व्हर्डन काळ्या लेसच्या तंग पोशाखात झळकल्यावर बारीवर गर्दी वाढली. ही व्हर्डन म्हणजे लोला, सैतानाची हुकमी मोहिनी. वय १७२ वर्षं. मूळची प्रॉव्हिडन्स गावातली सगळ्यांत कुरूप बाई. रूपासाठी तिनेही कधीकाळी आत्मा विकलेला.

आता चित्रपटाकडे. व्हर्डन, अ‍ॅपलगेट झालेला रे वॉल्स्टन, मेगच्या भूमिकेतली शॅनन बोलिन, संघाचा प्रशिक्षक रस ब्राउन, पत्रकार ग्लोरिया झालेली रे अ‍ॅलन, अशी जवळपास अख्खी मंडळी न्यूयॉर्कहून आली. बाहेरचा एकच : जो हार्डी झालेला टॅब हंटर. सोनेरी केसांचा, पोरींच्या उशाशी फोटो असणारा वॉर्नरचा तरुण तारा. १९५७ मध्ये त्याचं ‘यंग लव्ह’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. तरी तो काही रंगभूमीवर घडलेला गायक नव्हता, आणि ज्यांच्या हाडीमाशी हे नाटक भिनलं होतं त्यांच्यात त्याला उभं राहायचं होतं.

हंटर इथे कच्चा पडतो, ही तक्रार जुनी आहे. आवाजापुरती ती खरीही आहे. पण कथेकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जो हार्डी हासुद्धा मुरलेल्या संघात अचानक येऊन पडलेला परका आहे. बाकीच्यांना एकमेकांच्या खोडी, थट्टा, सवयी पाठ. हा नवखा, सगळ्यांचं लक्ष याच्यावर, आणि हा मनातून घराकडे ओढलेला. हंटरचं अवघडलेपण भूमिकेच्या अवघडलेपणात मिसळून जातं. कसलेला रंगनट कदाचित या संघात फार सहज वावरला असता.

याचा पुरावा लोलाच्या प्रसिद्ध नाचाच्या प्रसंगात सापडतो. जागा तीच कपडे बदलायची खोली. जो बाकावर बसलेला, अंगात संघाचा पोशाख. लोला स्पॅनिश धाटणीचं सोंग घेऊन येते. हातमोजे उतरतात, मग स्कर्ट, आणि टँगोच्या ठेक्यावर मोहिनी घालण्याचा सगळा विधी सुरू होतो. फॉसीने मात्र त्यात सतत चिमटे काढून ठेवले आहेत. एखादा झोकदार ठुमका मध्येच पोरकट होतो, मादक पवित्रा अचानक बैलाच्या झुंजीची नक्कल बनतो. आपण किती मोहक आहोत याची लोलाला खात्री आहे आणि त्या खात्रीचंच व्हर्डन हसं करते. समोर हंटर फारसं काही करत नाही. तो आक्रसतो, सरकतो, कुठे बघावं ते त्याला कळत नाही. त्याच्या या दगडी साधेपणावर आपटूनच लोलाचं अस्त्र बोथट होतं. पहिल्यांदाच तिची शिकार मेगशी एकनिष्ठ निघते.

कॅमेऱ्याला मात्र मैदान टाळता येईना. लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर चित्रीकरण झालं आणि खऱ्या सामन्यांची दृश्यंही मध्ये जोडली गेली. ती कामापुरती आहेत. मैदान खरं जिवंत होतं ते ‘शूलेस जो’च्या नाचात. ग्लोरिया नव्या खेळाडूला टोपणनाव बहाल करते आणि सारा संघ उघड्या मैदानात नाचू लागतो. धावत येऊन मातीत घसरणं, चेंडू फेकण्याचा आव, बॅटचे झोके अशा खेळातल्याच हालचालींतून नाच उभा राहतो आणि पायांखाली खरी धूळ उडते. रंगमंचाच्या फळ्यांवर ही धूळ कुठून येणार? त्या टोपणनावात एक काटाही आहे. खरा ‘शूलेस’ जो जॅक्सन १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सामनानिश्चितीच्या प्रकरणात कायमचा बाद झालेल्या आठ खेळाडूंपैकी एक. पुढे याच ग्लोरियाच्या शोधाशोधीतून आणि अ‍ॅपलगेटच्या कारस्थानातून जो हार्डीवर लाचखोरीचा आळ येतो. अमेरिकी प्रेक्षकाला त्याची चाहूल गाण्यातच लागली असणार.

डोननचा हात अशा जागी जाणवतो. सोळाव्या वर्षी तो अ‍ॅबटच्याच ‘पॅल जोई’ नाटकात समूहनर्तक होता. पुढे जीन केलीबरोबर त्याने ‘सिंगिंग इन द रेन’ केला. अ‍ॅबटने तेव्हा सत्तरी ओलांडली होती आणि जमलेला प्रयोग मोडू नये ही त्याची वृत्ती. त्यामुळे कित्येक प्रसंग पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखे सपाट दिसतात. पण त्या हट्टामुळेच १९५५ चा ब्रॉडवे आपल्याला जवळजवळ शाबूत पाहायला मिळतो. ‘हूज गॉट द पेन’ या मॅम्बोत तर व्हर्डनच्या जोडीला खुद्द फॉसी नाचतो. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं. फॉसीने १९६९ मध्ये ‘स्वीट चॅरिटी’चा चित्रपट केला, तेव्हा रंगमंचावर व्हर्डनने गाजवलेली भूमिका शर्ली मॅक्लेनकडे गेली. हॉलिवूडचा खरा शिरस्ता तो. ‘डॅम यांकीज’मध्ये व्हर्डन टिकली हा अपवाद.

काही गोष्टी गमावल्या त्याही सांगायला हव्यात. जो-मेगच्या नात्याला आधार देणारी दोन गाणी वगळली गेली. त्यांच्या जागी रिकाम्या खुर्चीवरचं एक नवं गाणं आलं, ते एकट्या अ‍ॅडलरचं. त्याचा जोडीदार जेरी रॉस नाटक सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनीच, अवघ्या २९ व्या वर्षी गेला होता. दोघांचं ब्रॉडवेवरचं यश जेमतेम दोन नाटकांचं. ब्रिटनमध्ये चित्रपट ‘व्हॉट लोला वॉन्ट्स’ या नावाने लागला. तिथे यांकीजचा राग कोणाला येणार? लोला मात्र कुठेही खपते.

वास्तवातल्या सेनेटर्सना कोणताच अ‍ॅपलगेट भेटला नाही. नाटक सुरू झालं त्या १९५५ च्या मोसमात ते आठव्या क्रमांकावर राहिले, चित्रपट आला त्या १९५८ मध्येही आठव्याच. १९६० चा मोसम संपल्यावर संघ मिनेसोटाला हलला. शहराला मिळालेला दुसरा सेनेटर्स संघही १९७१ नंतर टेक्सासला गेला. मग थेट २००५ पर्यंत राजधानीत मेजर लीगचा संघच नव्हता. शेवटी नॅशनल्स आले आणि २०१९ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही आत्मा न विकता.

‘शूलेस जो’ पाहताना एक प्रश्न मात्र उरतो. नाच एकदा खऱ्या मातीत उतरला की त्याला पुन्हा रंगमंचाच्या चौकटीत का ठेवायचं? तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, आणखी एका दोन-दिग्दर्शकी चित्रपटाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याचं उत्तर शोधलं. त्यासाठी त्या दोघांपैकी एका दिग्दर्शकाला, जेरोम रॉबिन्सला, केवढी किंमत मोजावी लागली, ते पुढच्या लेखांकात ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या निमित्ताने पाहू.