नदीने सोडलेली वळणे

अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी नावाचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. त्यातील आयोवा राज्य आज मका व सोयाबीन यांचे कोठार मानले जाते. ही समृद्धी साधताना पाणथळ जमिनींखाली निचऱ्याचे नळ घालण्यात आले आणि नागमोडी ओढे खोदून सरळ करण्यात आले. पाणी वेगाने वाहून जाऊ लागले. संथ डोहांत राहणाऱ्या माशांना मात्र थारा उरला नाही.

टोपीका शायनर हा अशांपैकीच एक. या बोटभर माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८८४ मध्ये झाले, ते कॅन्सस राज्यातील टोपीका शहराजवळच्या ओढ्यातील नमुन्यांवरून. सनफिश जातीचा नर आपले घरटे स्वच्छ ठेवतो व त्याची राखण करतो. त्याच घरट्याच्या आश्रयाने टोपीका शायनरची वीण होते. गाळाने तळ झाकला गेला, की दोघांचीही वीण धोक्यात येते. त्यातच ओढ्यांवर बांध घालून केलेल्या तळ्यांत बास जातीचे मोठे मासे सोडण्यात आले, आणि हा लहान मासा त्यांचे भक्ष्य झाला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त ठरविले.

परंतु नष्ट झालेले घर केवळ कायद्याने परत मिळत नाही. नदीने मार्ग बदलला म्हणजे जुने वळण नालाकृती सरोवराच्या रूपाने मागे राहते. अशी कितीतरी वळणे गाळाने बुजली होती. बून नदीच्या खोऱ्यात सोयाबीन उत्पादकांची संघटना, निसर्गसंरक्षक संस्था व सरकारी वन्यजीव विभाग यांनी ती मोकळी करण्याचे काम हाती घेतले. जमीनमालकाच्या संमतीने नदीच्या जुन्या तळापर्यंत गाळ उपसतात. मग तळातून भूजल पाझरते, म्हणून पाणी उन्हाळ्यात सहसा आटत नाही आणि हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही. पूर आला, की मासे आपणहून आत येतात.

शेतकऱ्याने यास संमती का द्यावी? एक तर अशी ओली जागा नांगराला गैरसोयीचीच असते. शिवाय निचऱ्याचे पाणी या सरोवरात सोडल्यास तेथील सूक्ष्म जीव खतातून आलेल्या नायट्रेटच्या काही भागाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. बून नदी ज्या डी मॉइन नदीला मिळते, तिचे पाणी त्याच नावाच्या शहरातील लोक पितात. माशाच्या रक्षणात त्यांचेही हित आहे.

मात्र शेतातील माती वाहून येत राहिली, तर उपसलेले वळण पुन्हा भरेल. म्हणून या माशाचे रक्षण नदीकाठी सुरू झाले, तरी ते टिकवायचे आहे शेताच्या बांधावर.