डावाची अखेर

बुद्धिबळाचा पट नुकताच मांडलेला असतो, तेव्हा त्यावरील ३२ सोंगट्या किती ऐटीत उभ्या असतात! मध्ये राजा आणि वजीर, दोहों अंगांस उंट, घोडे व हत्ती, आणि पुढे प्याद्यांची शिस्तबद्ध रांग. खेळ रंगात येतो, मारामारी होते आणि हळूहळू पट ओस पडू लागतो. शेवटी दोन राजे आणि एखाददुसरे प्यादे एवढेच काय ते उरते. नवख्या खेळाडूस वाटते की आता मौज संपली. वस्तुतः जिंकत आलेला डाव हातचा जातो तो बहुधा येथेच, आणि हरत आलेला डाव सावरला जातो तोही येथेच.

ही गोष्ट मी लहानपणी फार महाग किंमत देऊन शिकलो. मी सातवीत असताना शाळाशाळांच्या स्पर्धेत आमच्या संघातून खेळत होतो. अखेरच्या डावात माझ्याजवळ राजा आणि एक प्यादे होते. प्रतिस्पर्ध्याजवळ नुसता राजा. माझे सवंगडी भोवती उभे राहून माझ्या विजयाची वाट पाहत होते. मी उत्साहाच्या भरात प्यादे पुढे पुढे लोटले. सातव्या ओळीत जाताच त्याने शह दिला. विरुद्ध बाजूचा राजा एक पाऊल सरकून नेमका त्याच्या पुढ्यात येऊन बसला. आता प्यादे राखायचे, तर माझा राजा त्याच्या पाठीशी आणणे भाग होते. मी तो आणला, आणि पंचांनी डाव बरोबरीत सुटल्याचे सांगितले! प्रतिपक्षाच्या राजाला शह नव्हता. पण त्याला हलण्यास एकही घर उरले नव्हते. अशा वेळी कोणीच जिंकत नाही. त्या अर्ध्या गुणाने आमच्या शाळेची ढाल गेली.

परतीच्या वाटेवर मी रडवेला होऊन म्हणालो, “गुरुजी, हा प्रकार मी पुस्तकात वाचला होता हो!”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “वाचला होतास, पण खेळला होतास का? उद्यापासून शाळा सुटल्यावर पट घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पटावर तीनच सोंगट्या मांडल्या. तुम्हीही त्या मांडून पाहा. काळा राजा आपल्या मूळच्या घरात ठेवा. त्याच उभ्या ओळीत, मध्ये एक घर मोकळे सोडून, त्याच्या समोर पांढरा राजा ठेवा. आणि पांढऱ्या राजाच्या लगेच मागच्या घरात पांढरे प्यादे. या स्थितीत पहिली चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो.

ते कसे? राजे असे समोरासमोर आले, की दोघांपैकी एकालाही सरळ पुढे पाऊल टाकता येत नाही. चाल काळ्याची असेल, तर त्याला बाजूला सरावेच लागते. तो एका बाजूस सरला, की पांढरा राजा दुसऱ्या बाजूने तिरपा पुढे शिरतो आणि प्याद्याची वाट मोकळी करतो. चाल पांढऱ्याची असेल, तर त्याने राजा एक घर बाजूस घ्यावा. काळा राजा पुन्हा त्याच्या समोर येईल. आता मागे राखून ठेवलेले प्यादे एक घर पुढे टाकावे. राजे समोरासमोरच राहिले, पण चाल मात्र काळ्यावर आली! काळा राजा प्याद्याच्या वाटेत परतला, तर प्यादे शह न देता सातव्या ओळीत जाते. मग काळ्या राजाला वाट सोडावीच लागते आणि प्याद्याचा वजीर होतो. सारांश, राजाने पुढे होऊन वाट करावी व प्याद्याने मागून यावे. मी नेमके याच्या उलट केले होते. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवा : प्यादे पटाच्या अगदी कडेच्या उभ्या ओळीत असेल आणि विरुद्ध राजा पुढच्या कोपऱ्यात पोहोचला असेल, तर विजय मिळत नाही.

हे सारे समजण्यास मला एक संध्याकाळ पुरली. पण अंगवळणी पडण्यास कित्येक संध्याकाळी लागल्या. गुरुजींची रीत अशी : प्रथम मी पांढऱ्याकडून खेळायचे, मग बाजू बदलून काळ्याकडून. प्रत्येक चाल वहीत टिपायची. चूक झाली, तर ती ज्या चालीत झाली तेथपर्यंत मागे जाऊन पुन्हा खेळायचे. एक स्थिती पक्की झाली, की तीत थोडासा बदल करून पाहायचा. प्याद्यानंतर गुरुजींनी राजा आणि हत्ती यांनी एकट्या राजावर मात करण्याचा सराव घेतला. अचूक खेळल्यास हे काम जास्तीत जास्त १६ चालींत होते. मला प्रथम चाळीस लागल्या. एकही सोंगटी मारली न जाता व प्यादे न हलता दोन्ही बाजूंच्या ५० चाली झाल्या, तर प्रतिपक्षास बरोबरी मागता येते. म्हणून चाली मोजण्याची सवयही गुरुजींनी लावली.

ही रीत जुनीच आहे. सन १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शिकणाऱ्याच्या सरावासाठी पटावरील निवडक बिकट स्थितीच प्रामुख्याने दिल्या होत्या. क्यूबा देशाचा कापाब्लांका १९२१ मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षी निघालेल्या आपल्या पुस्तकाचा आरंभ त्याने मोजक्या सोंगट्यांच्या साध्या मातींनी केला.

त्याच १९२१ सालची, रिचर्ड रेटी या खेळाडूने रचलेली एक नामांकित स्थिती पाहा. पट पांढऱ्याच्या बाजूने पाहावा. पांढरा राजा उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आहे. त्याच उभ्या ओळीत, त्याच्या खाली तिसऱ्या घरात काळे प्यादे आहे. पांढरे प्यादे डावीकडून तिसऱ्या उभ्या ओळीत, सहाव्या घरात. आणि काळा राजा अगदी डाव्या कडेला, तोही सहाव्या घरात. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे चार चालींत वजीर होणार, आणि पांढरा राजा त्यास गाठण्यास दोन पावले मागे! पांढऱ्या प्याद्याला तर काळा राजा दोन चालींत मारू शकतो. डाव गेलाच असे वाटते.

परंतु पांढरा राजा सरळ न धावता तिरपा उतरत जातो. बुद्धिबळात राजाला तिरपे जाण्यास सरळ जाण्याइतक्याच चाली लागतात. त्यामुळे एकाच पावलात तो शत्रूच्या प्याद्याच्या मागेही लागतो आणि आपल्या प्याद्याच्या जवळही येतो. काळा राजा पांढरे प्यादे मारण्यात गुंतला, तर पांढरा राजा काळे प्यादे गाठतो. काळे प्यादे धावले, तर पांढरा राजा आपल्या प्याद्यास वजीर करतो. डाव बरोबरीत सुटतो! हे केवळ वाचून सोडू नका. पटावर स्वतः चालून पाहा.

आज दोन्ही राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल संगणकाने शोधून ठेवला आहे. तथापि स्पर्धेत, घड्याळ पुढे सरकत असताना, ते ज्ञान कोणी उसने देत नाही. हाती असते ती केवळ आपण घोटलेली चाल.

पुढल्या वर्षी त्याच स्पर्धेत माझ्या वाट्याला पुन्हा राजा आणि एक प्यादे आले. भोवती तेच सवंगडी होते. प्याद्याकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि राजा उचलला.

स्वाध्याय

१. लेखकाचा जिंकत आलेला डाव बरोबरीत का सुटला?
२. ‘राजाने पुढे व्हावे व प्याद्याने मागून यावे’ याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.
३. गुरुजींनी मांडलेल्या तिन्ही सोंगट्या एकेक घर पांढऱ्याच्या बाजूकडे सरकवा. आता चाल कोणाची यावर निकाल अवलंबून राहतो का? मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळून उत्तर शोधा.