कॅमेऱ्याचा मागोवा आणि संगणकाची सामग्री

प्रत्यक्ष चित्रित केलेल्या दृश्यात संगणकनिर्मित वस्तू बसवावयाची असेल, तर त्या वस्तूकडे पाहणारा काल्पनिक कॅमेरा मूळ कॅमेऱ्याप्रमाणेच तंतोतंत हलला पाहिजे. तो तसा न हलल्यास रस्त्याकडेला उभी केलेली काल्पनिक इमारत जमिनीवरून घसरत असल्याचा भास होतो आणि प्रेक्षकाचा विश्वास तत्क्षणी उडतो. मूळ कॅमेऱ्याची प्रत्येक चौकटीच्या वेळची स्थिती, त्याची दिशा, केंद्रांतर व भिंगाचे विरूपण या राशी केवळ चित्रित चौकटींवरून गणिताने शोधून काढणे, यास कॅमेऱ्याचा मागोवा घेणे असे म्हणतात. थ्रीडी इक्वलायझर, पीएफट्रॅक व सिंथआइज या व्यावसायिक आज्ञावली आणि ब्लेंडर ही मुक्त आज्ञावली हे कार्य करतात.

या कामासाठी संगणक कसा असावा, हा प्रश्न प्रयोगशाळा उभारणाऱ्या विभागापुढे प्रथमच उभा राहतो. पैसा मर्यादित असतो आणि त्याचा मोठा भाग महागड्या ग्राफिक्स कार्डावर खर्च करण्याकडे सामान्यतः कल असतो. हा खर्च योग्य की अयोग्य, हे जाहिरातींवरून ठरविता येत नाही. त्यासाठी कामाचे टप्पे वेगळे करून प्रत्येक टप्प्यास संगणकाच्या कोणत्या अंगाची गरज लागते, हे आकड्यांनीच पाहावयास हवे.

पहिला टप्पा चौकटी वाचण्याचा. ४०९६ × २१६० पिक्सेलांच्या एका चौकटीत ८८,४७,३६० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलास तीन रंग व प्रत्येक रंगास १६ बिट धरल्यास एक चौकट सुमारे ५३ मेगाबाइट जागा व्यापते. सेकंदास २४ चौकटी या मानाने २०० चौकटींचे दृश्य पडद्यावर जेमतेम सव्वाआठ सेकंद टिकते. परंतु त्याची एकूण सामग्री १०.६ गिगाबाइट भरते. ती गिगाबिट जाळ्यावरून आणावयाची झाल्यास, जाळ्याची सेकंदास १२५ मेगाबाइट ही कमाल गती पूर्णपणे लाभली तरीही, सुमारे ८५ सेकंद लागतात. सेकंदास २०० मेगाबाइट देणाऱ्या फिरत्या तबकडीवरून ५३ सेकंद, ५०० मेगाबाइट देणाऱ्या साटा जोडणीच्या घनसंचयावरून २१ सेकंद, तर ३ गिगाबाइट देणाऱ्या एनव्हीएमई संचयावरून साडेतीन सेकंद पुरतात. यांपैकी केवळ शेवटच्या साधनावरूनच हे दृश्य त्याच्या खऱ्या गतीने वाचले जाऊ शकते, हे सहज ध्यानात येईल.

मागोवा घेणारा मनुष्य एकच दृश्य पुढेमागे अनेकदा चालवून पाहत असतो. म्हणून एकदा वाचलेल्या चौकटी मुख्य स्मृतीत राहाव्यात, हे इष्ट ठरते. येथेच ६४ बिटांच्या प्रणालीची आवश्यकता स्पष्ट होते. कारण ३२ बिटांच्या पत्त्याने ४ गिगाबाइटांपलीकडची स्मृती एका आज्ञावलीस दाखविताच येत नाही. वरील दृश्य संपूर्णपणे स्मृतीत ठेवून अन्य कामासही अवकाश राहावा, यासाठी ३२ गिगाबाइट स्मृती हे वाजवी प्रमाण होय. १९२० × १०८० पिक्सेलांचे तेवढेच दृश्य अडीच गिगाबाइटांत मावते. तेथे १६ गिगाबाइट पुरेसे होतात.

दुसरा टप्पा बिंदूंचा मागोवा घेण्याचा. दृश्यातील ठळक खुणा, उदाहरणार्थ खिडकीचा कोपरा किंवा दगडाचे टोक, निवडून पुढील प्रत्येक चौकटीत त्या कोठे गेल्या हे शोधावयाचे असते. या पद्धतीचा पाया लूकस आणि कानाडे यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला गेला. ब्लेंडरमध्ये नमुन्याची खिडकी मूलतः २१ × २१ पिक्सेलांची व शोधक्षेत्र ७१ × ७१ पिक्सेलांचे असते. १५० बिंदू घेतले तरी एका चौकटीत तपासावयाचे पिक्सेल ७,५६,१५० होतात. म्हणजे चौकटीच्या अकराव्या हिश्श्याहूनही कमी. यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. या टप्प्यात वेळ जातो तो बहुधा तुलनेच्या गणितात नव्हे, तर लहानसा भाग तपासण्यासाठी सबंध चौकट उलगडून आणण्यात. चित्रफीत एच.२६४ सारख्या संकोचित स्वरूपात असल्यास ही अडचण वाढते. कारण त्या स्वरूपात बहुतेक चौकटी शेजारच्या चौकटींशी असलेल्या फरकाच्या रूपाने साठविलेल्या असतात, आणि मागोवा उलट दिशेने घेताना एका चौकटीसाठी अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. म्हणून काम आरंभण्यापूर्वी फितीचे सुट्या चौकटींत रूपांतर करून घेण्याचा प्रघात आहे. प्रत्येक बिंदूचा शोध दुसऱ्या बिंदूवर अवलंबून नसल्यामुळे प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत हे काम वाटून देता येते, ही या टप्प्याची दुसरी विशेषता होय.

तिसरा टप्पा कॅमेऱ्याची उकल करण्याचा. छायाचित्रांवरून भूमापन करण्याच्या शास्त्राकडून हे गणित चित्रपटाकडे आले. डुएन ब्राउन यांनी अमेरिकेत १९५८ मध्ये मांडलेल्या किरणशलाका-समायोजनाचे तत्त्व असे, की सर्व कॅमेरास्थिती व सर्व बिंदू यांची एकदमच अशी निवड करावी की त्यावरून काढलेल्या व प्रत्यक्ष दिसलेल्या स्थानांतील अंतरांच्या वर्गांची बेरीज लघुतम व्हावी. २०० चौकटींस प्रत्येकी सहा या हिशेबाने १,२०० आणि ५,००० बिंदूंस प्रत्येकी तीन या हिशेबाने १५,०००, अशा १६,२०० अज्ञात राशी होतात. यांचा संपूर्ण आव्यूह आठ बाइटांच्या संख्यांनी मांडल्यास २.१ गिगाबाइट व्यापतो. परंतु एका बिंदूचा दुसऱ्या बिंदूशी प्रत्यक्ष संबंध नसतो. त्यांना जोडतात ते कॅमेरे. या वस्तुस्थितीचा लाभ घेऊन बिंदूंच्या राशी आधीच वगळल्या, की केवळ १,२०० राशींचा आव्यूह उरतो. तो साडेअकरा मेगाबाइटांत मावतो आणि त्याच्या उकलीचे श्रम मूळच्या सुमारे अडीच हजाराव्या हिश्श्यावर येतात. ब्लेंडर ज्या सेरेस या गणितसंग्रहाचा उपयोग करतो, त्यात याच युक्तीची सोय आहे.

याचा अर्थ असा, की ज्या टप्प्यास लोक सर्वांत अवघड समजतात, तो स्मृतीच्या दृष्टीने सर्वांत हलका असतो. मात्र येथे एका आवर्तनाचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढील आवर्तन सुरू करता येत नाही. त्यामुळे गाभ्यांची संख्या वाढविण्यापेक्षा प्रत्येक गाभ्याची गती अधिक उपयोगी पडते.

चौथा टप्पा परिणाम पाहण्याचा. काही हजार बिंदू, कॅमेऱ्याचा मार्ग आणि एखादी चाचणीची आकृती दाखविणे हे ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीने किरकोळ काम होय. चार रंगमार्गांची १६ बिटांची एक चौकट त्याच्या स्मृतीत सुमारे ७१ मेगाबाइट घेते. तेव्हा मध्यम प्रतीचे कार्ड पुरते. काही आज्ञावली शोधाचे काही काम कार्डावर सोपवितात, हे खरे. आणि पुढे अंतिम चित्रनिर्मितीही त्याच यंत्रावर करावयाची असल्यास समर्थ कार्डाची आवश्यकता भासेल. पण ते वेगळे कार्य आहे व त्याचा हिशेब वेगळा मांडावा. येथे पडद्याकडे होणारे दुर्लक्ष मात्र महाग पडते. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ४०९६ पिक्सेलांची चौकट निम्म्याहून लहान होऊन दिसते आणि एका पिक्सेलाची घसरण त्यात लपून जाते. चित्रगृहातील भव्य पडद्यावर तीच उघडी पडते.

सामग्री अपुरी असल्यास लहान आकाराच्या प्रती करून काम भागविता येते. लांबीरुंदी निम्मी केली की सामग्री चतुर्थांशावर, म्हणजे वरील उदाहरणात २.६५ गिगाबाइटांवर येते. परंतु लघुप्रतीतील अर्ध्या पिक्सेलाची चूक मूळ चौकटीत एका पिक्सेलाची होते. म्हणून लघुप्रत पाहण्यापुरती वापरावी व बिंदूंचा अंतिम मागोवा मूळ चौकटींवरच घ्यावा, हा मार्ग श्रेयस्कर होय.

शेवटी यंत्राच्या सामर्थ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. खोलीचे ज्ञान पराशयातून, म्हणजे पाहण्याची जागा बदलली असता जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या स्थानांत पडणाऱ्या फरकातून, होते. कॅमेरा एकाच जागी राहून केवळ वळला असेल, तर हा फरक चित्रात नसतोच. मग संगणक कितीही मोठा असो, बिंदूंची अंतरे तो सांगू शकत नाही. अशा दृश्यासाठी ब्लेंडरमध्ये तिपाईचा स्वतंत्र पर्याय ठेवला आहे व त्यात केवळ दिशेचीच उकल होते. त्याचप्रमाणे सामान्य उकलीसाठी निवडलेल्या दोन मुख्य चौकटींत किमान आठ बिंदू समाईक असावे लागतात. चित्रीकरणाच्या वेळी ते उपलब्ध नसतील, तर मागाहून केलेला कोणताही खर्च ती उणीव भरून काढीत नाही.

या विवेचनावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम जलद घनसंचय व पुरेशी मुख्य स्मृती, त्यानंतर जलद गाभ्यांचा प्रोसेसर, त्यानंतर चौकटीचे पिक्सेल जसेच्या तसे दाखविणारा पडदा आणि सर्वांच्या शेवटी ग्राफिक्स कार्ड. हा क्रम उलटा लावणाऱ्या प्रयोगशाळेत सर्वांत मोलाचे यंत्र चौकटी येण्याची वाट पाहत बसेल, आणि त्याच्यासमोर बसलेला विद्यार्थीही.