वाईनची वही व आमचीं संत्रीं

वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि त्यांत आमचें कारंजा (घाडगे) संत्र्यांचें. येथें राहून आम्हीं वाईनवर लेख लिहावा, हें बागाईतदार वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पिण्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. वाईनची चव लिहून ठेवण्याचा जो एक छंद आहे, त्यापासून आम्हांस काय लाभलें एवढेंच सांगावयाचें आहे.

महसुलांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर, गेल्या वर्षीं माघांत आम्ही नाशिककडे आमचे साडू यांचे घरीं गेलों. ते वाईनचीं द्राक्षें पिकवितात. हें द्राक्ष खाण्याच्या थॉम्सन सीडलेसहून बारीक, बियांचें व जाड सालीचें असतें. तोडणीचे वेळीं गोडी मोजण्याच्या यंत्रांत त्याचा अंश 22 ते 24 भरतो. आपलें उत्तम संत्रें 10 ते 12 वर थांबतें.

साडू हे केवळ हौसेखातर एक वही ठेवितात. एकेका पानावर मळा, साल, जात, रंग, वास, पहिली चव, व घोट गेल्यावर मागें राहते ती चव. त्यांनीं बाटल्यांस कागद गुंडाळून चार पेले आमच्यापुढें मांडले. चाखणारांच्या रिवाजाप्रमाणें आम्हीं घोट तोंडांत फिरवून थुंकून टाकला आणि एकापुढें "बरी" व दुसरीपुढें "आंबट" असें लिहिलें. तेव्हां ते म्हणाले, "पाहुणे, तीस वर्षें जमिनीची प्रतवारी लिहिलीत, आणि चवीला दोनच वर्ग?"

आम्ही खजील झालों. त्यांच्या वहींत शिराझपुढें "पिकलें जांभूळ, मागून काळी मिरी" असें होतें. पुन्हां हुंगून पाहतों तों मिरी खरोखरच होती! सोव्हिन्यॉ ब्लाँपुढें पेरू व हिरवी ढोबळी मिरची. कांहीं लेखक याहीपुढें जाऊन जुनें चामडें, ओला दगड वगैरे काढतात. तेथें आमचें नाक चालत नाहीं.

हा छंद नवा नव्हे. एडिंबरोचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक जॉर्ज सेंट्सबरी यांनीं आपल्या तळघरांतील बाटल्यांच्या टिपणांवरून 1920 सालीं एक पुस्तक छापलें. ते कांहीं मद्याचे व्यापारी नव्हते. आणि आपल्या कौटिल्यानें अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षाच्या मद्यास कापिशायन व हारहूरक अशीं प्रदेशांवरून पडलेलीं नांवें नोंदविलीं आहेत. माल कोठला हें सरकारी दप्तरांत चढलें म्हणजे त्यास किंमत येते, हें कारकुनास वेगळें सांगावयास नको. नाशिकच्या वाईनला आज भौगोलिक मानांकन आहे. तरी नुसत्या नांवानें सर्व भागतें असें नाहीं. 2001 सालीं राज्य शासनाचें द्राक्षप्रक्रिया धोरण आल्यावर तेथें वाईनचे कारखाने वाढले, आणि 2008 नंतरच्या मंदींत पुष्कळांनीं वेली उपटल्या, हेंही साडूंनींच सांगितलें.

परत आलों तेव्हां आमच्या बागेंत मृगाचा तोडा चालू होता. आम्हीं एक कोरी वही घेतली. वरच्या मुरमाड पट्ट्यांतील व नाल्याकाठच्या भारी काळींतील फळें वेगळीं ठेवून सौभाग्यवतींनीं सोलून दिलीं, आम्हीं डोळे मिटून खाल्लीं. काळींतील फळ मोठें, साल पोकळ. पहिली फोड गोड, मग नुसतें पाणी. मुरमावरचें लहान, साल घट्ट. चव किंचित् आंबूस, आणि गोडी जिभेवर बराच वेळ राहणारी. कार्तिकांत आंबियाचीं फळें चाखलीं. तीं अधिक आंबट, पण दोन पट्ट्यांतील फरक तोच.

व्यापाऱ्यानें आकार पाहून काळींतील झाडांस अधिक भाव दिला. सबंध बागेचा सौदा उक्ता. चाखली एकही फोड नाहीं. कारकुनी पेशाच्या मनुष्यास याचा राग यावा हें स्वाभाविक आहे, पण दोष आमचाही होता: आमच्यापाशीं दाखविण्यास कागद कोठें होता? शिवाय लौकर बाजार गांठण्यासाठीं आपणच अर्धकच्चें फळ तोडतों. संत्रें तोडल्यावर सालीचा रंग पालटतो, गोडी वाढत नाहीं. दूरच्या गांवीं तें खाणारा नागपुरी संत्र्यास नांवें ठेवतो. त्या नांवास 2014 सालीं मानांकन मिळालें आहे. 2019 पासून बांगलादेशनें आयातकर वाढवीत नेल्यामुळें तिकडील वाट अरुंद झाली. आतां देशांतील गिऱ्हाईकाच्या जिभेवरच आपली मदार.

यंदा मुरमाड पट्टा आम्हीं उक्त्यांतून वगळला. फळ पूर्ण पिकूं दिलें आणि आठ पेट्यांवर गांवाचें नांव, पट्टा व तोडणीची तारीख लिहून त्या साडूंकडे धाडल्या. त्यांच्या वहींतील पानाची नक्कल टपालानें आली आहे: "साल कडसर, रस दाट, गोडी टिकते; तिसऱ्या दिवशीं अधिक बरें." तिसऱ्या दिवसाचें आम्हांस पटत नाहीं. पुढील तोड्यास त्यांच्या शेजाऱ्यांनीं वीस पेट्या मागविल्या असून भाडें कोणीं भरावें याविषयीं पत्रव्यवहार चालू आहे.