फेज वन म्हणजे ‘एक नंबर’ नव्हे!

‘नवीन औषध आलंय’ म्हटलं, की आपल्याला ते जुन्यापेक्षा भारीच वाटतं. मोबाईलच्या बाबतीत ठीक आहे हो! पण कॅन्सरच्या औषधाची ट्रायल ‘फेज वन’मध्ये असेल, तर तिथला पहिला प्रश्न ‘बरं होईल का?’ हा नसतोच. ‘माणसाला किती डोस झेपतो?’ हा असतो.

नेहमीचा फंडा असा. तीन पेशंट, अगदी लहान डोस. गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना मोठा डोस. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला, की पायरी खाली. म्हणजे पहिल्यांना बहुधा पुरेसं औषधच मिळत नाही आणि शेवटच्यांना जरा जास्तच मिळतं. आणि हे सगळे बहुतेक वेळा इतर उपाय करून थकलेले पेशंट!

कधी लॉटरीही लागते. अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये इमॅटिनिबची फेज वन सुरू केली. आजार क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. एकूण ८३ जण, रोज २५ ते १००० मिलिग्रॅम. ३०० किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं! २००१ मध्ये मंजुरीसुद्धा. पण त्या आजारात बिघाड मुख्यतः एकाच प्रोटीनचा. शरीरभर पसरलेल्या गाठींमध्ये बिघाड ढीगभर असतात, तिथे एका किल्लीनं कुलूप उघडणं अवघड.

आमच्या आत्याला अशीच ट्रायल सुचवली, तेव्हा घरात सगळे ‘कर की सही!’च्या मूडमध्ये. आत्या रिटायर्ड शिक्षिका. तिनं पेपर तपासावा तसा मराठी फॉर्म वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, “माझा गट कितवा?”

“दुसरा. डोस अजून कमीच आहे.”

“मध्येच सोडलं तर इथली बाकीची ट्रीटमेंट बंद करणार का?”

“नाही. सोडायचा हक्क तुमचाच.”

औषधानं इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, तेही तिनं विचारून घेतलं. आपल्याकडे ती जबाबदारी ट्रायल करणाऱ्याची असते. मग दोन दिवस विचार करून सही केली. आतोबांना म्हणाली, “मला फार काही मिळणार नाहीये, हे धरूनच चाला.”

दर मंगळवारी मी हाफ डे टाकून तिच्याबरोबर रक्त द्यायला जायचो. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली आणि ती ट्रायलमधून बाहेर पडली. तोवर तिसरा गट सुरू झाला होता.