विहीर आपली, पाणी कुणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण ‘मालकी’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तो कोकणातल्या परसातल्या विहिरीला लावून पाहू. सातबारा आपल्या नावाचा, म्हणून विहीर आपली, रहाट आपला. आणि पाणी? ते जांभ्याच्या भेगांतून, शेजाऱ्याच्या जमिनीखालून येतं. गडगा जमिनीवर असतो, जमिनीखाली नसतो!

वाळू-माती पाणी गाळते, तसा भेगाळ जांभा गाळत नाही. त्यात पावसाळ्यात भूजल वर चढतं आणि शोषखड्ड्यातला मैला विहिरीत पोचणं सोपं होतं. पाणी मात्र निवळच दिसतं. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी लोक चांगलं म्हणूनच पीत होते. कॉलरा त्यातूनच पसरला, हे जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदींवरून दाखवलं. निवळ म्हणजे शुद्ध नव्हे.

मग आपण करायचं काय? उंच कठडा, भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा. शोषखड्डा निदान 15 मीटर दूर. जांभ्यात त्याहून अधिक. 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं. मग तासभर उपसा नाही. पावसाळा सुरू झाला की पाण्याची तपासणी.

पण खड्डा झिरपतच राहिला तर पावडर किती दिवस पुरणार? तेव्हा गडग्यापलीकडे जाऊन बोलावंच लागतं. आणि बोलण्याआधी एक पाहावं: आपला शोषखड्डा कुणाच्या विहिरीच्या वर आहे?