पत्रा आधी, इंजिन नंतर

१९६२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये दोन लहानखुऱ्या स्पोर्ट्स गाड्या बाजारात आल्या. एक एमजीबी, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात बनणारी. दुसरी ट्रायम्फ स्पिटफायर, कॉव्हेंट्रीत बनणारी. दोन्ही दोन आसनांच्या, दोन्हींचा टप उघडता येणारा आणि दोन्ही बेतशीर पगाराच्या तरुणाला स्वप्नात तरी परवडतील अशा. पुढची अठरा वर्षं त्या एकमेकींशी स्पर्धा करत राहिल्या आणि १९८० साली, थोड्याच महिन्यांच्या अंतराने, दोघींचंही उत्पादन थांबलं. तोवर एमजीबी पाच लाखांहून जास्त आणि स्पिटफायर तीन लाखांहून जास्त बनल्या होत्या. त्यांतला मोठा हिस्सा परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेला.

एखादी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी आणि सवडीने, स्वतःच्या हातांनी ती पुन्हा उभी करावी, अशी हौस असलेल्यांच्या यादीत ही दोन नावं आजही वरच असतात. आपल्या वाचकाला त्या वाटतात तितक्या परक्याही नाहीत. अ‍ॅम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’ घराण्यातलं. त्याच मापाचं इंजिन, जरा जास्त ताकद काढून, १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीमध्ये होतं, आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेरल्डच्या चासीवरून आखलेली, आणि हेरल्ड १९६१पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनत होती. ज्या फिटरने अ‍ॅम्बॅसॅडरचं हेड उतरवलं आहे, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं काही नवं दिसणार नाही.

जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर पुस्तकं भरपूर आहेत. निवडीवर मात्र लोक पुरेसा विचार करत नाहीत, आणि माझ्या मते काम तडीस जाणार की गाडी अर्धवट उघडून पडून राहणार, हे बहुतेक वेळा ती विकत घेण्याच्या दिवशीच ठरतं.

गंज हाच खरा हिशेब

गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, इंजिन चालू होतं का? हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. त्या काळातलं साधं चार सिलिंडरचं इंजिन पूर्ण खोलून, बोअर करून, नव्या रिंगा आणि बेअरिंग घालून पुन्हा बांधता येतं. त्याचा खर्च आधी सांगता येतो आणि काम संपतं. गंजलेल्या पत्र्याचं तसं नसतं. वरचा रंग खरवडला की खालची खरी परिस्थिती कळते, आणि एक तुकडा कापला की शेजारचाही कापावा लागतो.

यासाठी दोन्ही गाड्यांची बांधणी समजून घ्यायला हवी. एमजीबीला वेगळी चासी नाही. फरशी, खांब आणि पत्रे एकत्र वेल्ड करून झालेला अखंड सांगाडा हीच तिची चासी. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, म्हणून सगळा जोर दरवाज्यांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर येतो. एमजीबीचं सिल एकात एक अशा तीन भागांचं आहे. बाहेरचा भाग चकचकीत दिसत असला तरी आतले दोन सडलेले असू शकतात. नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापून आतपर्यंत जावं लागतं. ते टाळण्यासाठी कित्येकांनी सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवून दिलेला असतो. अशी गाडी दिसायला सुंदर असते, पण तिच्या कण्यात दम नसतो. याखेरीज सीटमागचे बॅटरीचे खण, मागच्या स्प्रिंगांचे आधार, फरशीचे कोपरे आणि मागच्या चाकांवरच्या कमानी या तिच्या नेहमीच्या गंजायच्या जागा.

स्पिटफायरला वेगळी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली आहे. त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि चासी स्वतंत्रपणे साफ करून, वेल्ड करून, रंगवता येते. घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला हा मोठा फायदा. शिवाय तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि इंजिनाभोवती मोकळं उभं राहता येतं. पण चासी आहे म्हणून सिलकडे दुर्लक्ष करू नये. या गाडीतही सिल भार घेतं, आणि मागच्या चाकांना जागेवर धरणारे दांडे बॉडीच्या फरशीला जोडलेले असतात. ती जागा सडली असेल तर गाडी वळणावर धोक्याची ठरते.

लोहचुंबक, जॅक आणि दरवाज्याची फट

गाडी बघायला जाताना खिशात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, हातात टॉर्च आणि अंगावर मळले तरी चालतील असे कपडे असावेत. सिल, कमानी आणि मडगार्डांचे खालचे भाग यांवरून चुंबक फिरवावं. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे.

मग दरवाज्यांच्या फटी बघाव्यात. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, दिसली तर सांगाडा वाकलेला असू शकतो. मालकाची परवानगी घेऊन गाडीची एक बाजू जॅकवर उचलावी आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून-मिटून बघावा. एमजीबीसारख्या उघड्या गाडीत दरवाजा अडकू लागला किंवा फट डोळ्यांदेखत बदलली, तर सिलचा गंज सांगाड्यापर्यंत गेला आहे असं समजावं. गालिचे उचलून फरशी बघावी. नुकताच फासलेला काळा डांबरी लेप दिसला तर त्याच्याखाली काय असेल याची शंका घ्यावी.

उत्तर युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पत्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू तेच मीठ. म्हणून अनेक ब्रिटिश हौशी मंडळी अमेरिकेच्या कोरड्या भागातून, कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनातून, गाडी परत आणतात. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला आणि सीट फाटलेल्या असतात, स्टिअरिंग डावीकडे असतं, पण सांगाडा शाबूत असतो. सीट शिवून घेता येतात, म्हणून हा सौदा बहुधा चांगला ठरतो.

इंजिनाला भिऊ नये

पत्रा ठीक वाटला की इंजिनाकडे वळावं. शक्य असेल तर गाडी थंड असतानाच पोहोचावं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही थांबत नसलेली पांढरी वाफ आणि रेडिएटरच्या पाण्यात तेलकट तवंग म्हणजे हेडगॅस्केटची शंका. एमजीबीचं इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० पौंडांच्या आसपास किंवा वर असावा. १९६४च्या अखेरीपासून तिच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंगांचा आधार मिळाला, म्हणून त्यानंतरचं इंजिन जास्त दणकट मानतात. १९६७च्या अखेरीपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. तेव्हा जुन्या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत कुरकुरला तर बिघाड समजू नये.

शेवटच्या, १४९३ सीसीच्या स्पिटफायरची एक खास तपासणी आहे. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली पुढे-मागे सरकताना दिसली, तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते गळून पडले तर क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक दोन्हींचं नुकसान होतं.

वायरची चाकं असतील तर चाक जमिनीवरून उचलून, ब्रेक दाबून ते हलवून बघावं. खटखट ऐकू आली तर हबचे दाते झिजलेले असतात. वायरिंगची धास्ती मात्र घेऊ नये. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, आणि पूर्ण नवा वायरिंग सेट आजही विकत मिळतो.

पुष्कळ बनलेली गाडी आधी

नवशिक्याला दुर्मीळ गाडीचं आकर्षण असतं. माझा आग्रह उलटा आहे. पहिली गाडी अशी घ्यावी की जी लाखांनी बनली, कारण जिची संख्या मोठी तिचे पार्ट मिळतात, पुस्तकं मिळतात आणि तेच काम आधी करून बसलेली माणसं मिळतात.

एमजीबी याचं सर्वोत्तम उदाहरण. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी, १९८८मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून तिचा पूर्ण सांगाडा नव्याने बनवायला सुरुवात केली. या प्रयत्नातून पुढे एमजीची मालक असलेल्या रोव्हर कंपनीलाच धीर आला आणि १९९३ ते १९९५ या काळात आरव्ही-८ ही गाडी त्याच धर्तीच्या सांगाड्यावर बनली. तिच्या सुमारे दोन हजारांपैकी बहुतेक जपानला गेल्या. एमजी कार क्लब १९३०पासून चालू आहे. रात्री कार्ब्युरेटर खोलून बसलेल्या माणसाला अशा मंडळींचा आधार हत्यारांइतकाच मोलाचा असतो.

याउलट जग्वार ई-टाइप. १९६१ला जिनिव्हात लोकांनी ती पाहिली आणि मोटारीच्या सौंदर्याचं मापच बदललं. पण तिचा पुढचा नळ्यांचा सांगाडा, लांबलचक बॉनेट आणि क्रोमचं काम यांचा खर्च घरगुती हौसेच्या पलीकडे जातो. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, म्हणून ती गंजत नाही, पण आतला पोलादी कणा गंजतो आणि फायबरच्या भेगा भरायला वेगळाच हात लागतो. ट्रायम्फ टीआर-६ मला या सगळ्यांत मोहात पाडते. सहा सिलिंडर, अडीच लिटर आणि भारदस्त आवाज. पण तिच्या चासीला मागच्या बाजूला गंज धरतो, डिफरन्शियलचे आधार तडकतात आणि ब्रिटनमधल्या गाड्यांवरची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा जाणकार हात मागते. ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवावी.

एमजीबी घेताना एक सवलतही आहे. अमेरिकी सुरक्षानियमांमुळे १९७४च्या अखेरीस तिला क्रोमऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली. ती वळणावर जास्त झुकू लागली आणि शौकिनांची नाराजी झाली. म्हणूनच या गाड्या आजही क्रोम बंपरच्या गाड्यांपेक्षा स्वस्त मिळतात, आणि उंची कमी करणं अवघड नाही. ज्याला शिकायचं आहे, त्याने या गाड्या जरूर बघाव्यात.

कागद

चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची कागदपत्रं एकमेकांशी जुळवून बघावीत. ब्रिटनमधलं व्ही-५-सी हे नोंदणीपत्र गाडी कोणाच्या नावे नोंदली आहे ते सांगतं, मालकी सिद्ध करत नाही, म्हणून खरेदीची पावती हवीच. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजी आणि ट्रायम्फच्या कारखान्यांचं दप्तर आहे. तिथून मिळणाऱ्या दाखल्यातून गाडी कोणत्या रंगाची आणि कोणत्या देशासाठी बनली हे कळतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स भरावा लागत नाही आणि २०१८पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. तरी ही तपासणी आपणहून करून घ्यावी, कारण ब्रेक सूट मानत नाहीत.

भारतात करायचं तर

केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळा नियम केला. अशा गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार. रोजच्या वापराला ती काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच चालवता येते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत, हे गाडी निवडतानाच लक्षात ठेवावं. दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेली जुनी गाडी स्वस्त मिळाली तरी ती पुढे अडचणीत आणू शकते.

पेट्रोलचाही विचार हवा. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या आहेत, म्हणून हेड उतरवलं असताना कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम खराब होतात. इथेनॉल सोसणारे नवे घालायला फार खर्च येत नाही, आणि गळकं पेट्रोल गरम इंजिनावर पडण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

पैसा, जागा आणि वर्षं

हिशेब स्पष्ट मांडला तर नीट पूर्ण केलेली गाडी विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, कारण आधीच्या मालकाने घातलेले पैसे विक्रीत क्वचितच परत येतात. केवळ चालवायची हौस असेल तर खुशाल तशी गाडी घ्यावी. स्वतः उभी करण्याची हौस ज्याला आहे, त्याने विकत काय घ्यायचं हे ओळखावं: काम, शिकणं आणि त्यासाठी लागणारी वर्षं. म्हणून खरेदीच्या रकमेवर सगळी पुंजी घालू नये. छताखाली, कोरड्या जागी गाडी उभी राहील आणि तिच्याभोवती फिरता येईल एवढी जागा हवी. सुटी केलेली गाडी शाबूत गाडीपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि प्रत्येक बोल्टाची पिशवी नावासह ठेवावी. दुसऱ्याने सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त मिळते, पण त्या खोक्यांत काय नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या खेपेला ती टाळावी.

सुटसुटीत, पुष्कळ बनलेली, पत्र्याने शाबूत आणि कागदांनी स्वच्छ अशी गाडी निवडली, की पुढचं काम अवघड असलं तरी अशक्य राहत नाही. पहिली गाडी पुरी होईल अशीच निवडावी. जो एक स्पिटफायर किंवा एमजीबी उभी करून रस्त्यावर आणतो, त्याच्या हातात वेल्डिंग येतं, कान इंजिन ओळखू लागतो आणि पुढचं काम कुठून सुरू करायचं हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही. मग त्याने टीआर-६ची जाहिरात खुशाल उघडावी.